चार नंबरची फाईल

१

मेढेकरांच्या दुकानामागच्या खोलीत एक पोपटी रंगाचं लोखंडी कपाट होतं. त्यात बारा फायली उभ्या लावलेल्या असत, प्रत्येकीच्या कडेवर एक आकडा. शुक्रवारी सकाळी साडेनऊला बळवंतराव दातार तिथे पोचले, तेव्हा तीन आणि पाच नंबरच्या फायली एकमेकींवर कलल्या होत्या. मधली चार नंबरची नव्हती.

"हर्षालीची," प्रसाद मेढेकर म्हणाला. "हॉस्पिटलचे सगळे कागद त्यात होते, काका. मंगळवारी तिला मुंबईला न्यायचंय. आता काय दाखवायचं तिथे?"

बळवंतरावांनी चष्मा पुसला. काही सुचलं नाही की ते चष्मा पुसत. जव्हारच्या वाचनालयात सदतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेला हा माणूस चार लोकांसमोर स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायचा. पाच वर्षांपूर्वी मेढेकरांची समृद्धी रक्ताच्या कॅन्सरने गेली, नऊ वर्षांची. त्यानंतर या कुटुंबाने तिच्या नावाने निधी सुरू केला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या ज्या मुलांना हा रोग झाला, त्यांचा मुंबईचा प्रवास, राहणं, औषधं, सगळं या निधीतून. विश्वस्त म्हणून गावाला खात्री वाटेल असं एक नाव हवं होतं, म्हणून बळवंतरावांना घेतलं होतं. आपलं नाव घेतलं, आपल्याला नव्हे, असंच त्यांना वाटत आलं होतं. फायलींवर नावांऐवजी आकडे घालायची कल्पना मात्र त्यांची. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला आजारी मुलाचं नाव कशाला दिसायला हवं? कुठला आकडा कुणाचा, ती यादी प्रसादच्या बायकोच्या, अवंतीच्या वहीत होती.

"बाकी काही गेलंय?"

"नाही. गल्ल्याची पेटी खालच्याच कप्प्यात आहे. हात लावलेला नाही." प्रसादने आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी पुंजा आला होता. हर्षालीचा बाप. पंधरा मिनिटं इथे एकटाच बसला होता. मी आरोप करत नाही, काका. पण या लोकांच्या डोक्यात कोण काय भरवेल सांगता येत नाही. एखाद्या भगताने सांगितलं असेल, कागद घेऊन ये."

"पोलिसांत..."

"छे! रविवारी कार्यक्रम आहे. ठाण्याची कंपनी ॲम्ब्युलन्स देतेय. त्यांच्या बाईंना आधी हर्षालीचे कागद बघायचेत, कारण बॅनरवर तीच आहे. तुम्ही शांतपणे शोधा. नाहीच सापडली तर विश्वस्त म्हणून एक पत्र द्या. फाईल चोरीला गेली, मुलीवर उपचार चालू आहेत, एवढंच. तुमच्या शब्दाला किंमत आहे."

बळवंतरावांना आत कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

दुकानाच्या पायरीवर पुंजा बसला होता. सूर्यमाळजवळच्या पाड्यावरून तो काल चवळीची पिशवी घेऊन आला होता, मेढेकरांना द्यायला, आणि शेवटची गाडी चुकल्याने डेपोतच झोपला होता. आतलं सगळं त्याने ऐकलं असावं. पण स्वतःवर आलेल्या संशयाचं त्याला काहीच नव्हतं. तो उठून उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "कागद नाय सापडला तं माझी पोर मरंल का?"

२

मेढेकरांचा मुलगा ऋत्विक वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसला होता. निधीचे फोटो, व्हिडिओ, मोबाईलवरचं आवाहन, सगळं तो बघायचा. चोवीस वर्षांचा, हसतमुख.

"या, लेखक! काका, तुमचं वाक्य काय हिट गेलंय माहितीये? 'उमलण्याआधीच कोमेजणाऱ्या या कळीला तुमच्या ओंजळीतलं पाणी हवं आहे.' लोक रडतात हो वाचून."

आवाहनाचा मजकूर बळवंतरावांनी लिहिला होता. मेढेकरांनी सांगितलं तसं, दर सहा महिन्यांनी थोडा बदलून. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी त्यांना स्वतःलाच भरून आलं होतं.

"फाईल तू शेवटची कधी पाहिलीस?"

"मी? आठवडा झाला असेल. पुंजानेच नेली असणार, दुसरं कोण?"

पडद्यावर हर्षालीचे दोन फोटो शेजारी-शेजारी होते. पहिला दोन वर्षांपूर्वीचा, मूत्रपिंडावरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन औषध चालू होतं तेव्हाचा. दुसरा गेल्या रविवारचा, बॅनरवरचा. दोन्हींत डोक्यावर एक केस नव्हता. पण पहिल्या फोटोत भुवया नव्हत्या, पापण्यांनाही केस नव्हते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखा चेहरा. दुसऱ्या फोटोत दाट काळ्या भुवया होत्या. पापण्या तर इतक्या लांब की गालावर सावली पडली होती.

"भुवया आल्यात तिच्या," बळवंतराव म्हणाले.

ऋत्विकने पडदा बदलला. "नवीन फोन आहे काका. बारीकसारीक सगळं दिसतं."

असेल, असं त्यांना वाटलं. फोनमधलं आपल्याला काय कळतं?

अवंती स्वयंपाकघरात होती. तिने चहा ठेवला, बशीत चार बिस्किटं मांडली. गेल्या पाच वर्षांत ही बाई पंचवीस वर्षांनी म्हातारी झाली होती. तिने यादीची वही दाखवली. वही तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला.

"म्हणजे चार नंबर हर्षालीचा हे कुणाकुणाला ठाऊक?"

"आम्हा तिघांना. आणि तुम्हाला."

"पुंजाला?"

तिने साखरेचा डबा बंद केला. "त्याला कशाला सांगू? फायली आमच्याकडेच असतात. त्यांच्या घरी दिल्या तर उंदीर खातील. माझ्याकडे बघा, समृद्धीच्या पहिल्या रक्ततपासणीपासूनची पावती आहे. हॉस्पिटलचा कागद कधी टाकायचा नसतो, काका. पुढचा डॉक्टर नेमका तोच मागतो. कपाटभर कागद झालेत तिचे." ती थांबली. "पत्र लिहून झालं का तुमचं?"

जिना उतरताना बळवंतरावांच्या लक्षात आलं, की फाईल सापडली का, असं या घरात त्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

३

निधीची गाडी चंदू चालवायचा. तो दुकानापलीकडे गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

"चंदू, मंगळवारची मुंबईची फेरी..."

"मंगळवारी कुठली मुंबई, काका? मंगळवारी मी नाशिकला. साखरपुड्याची पाहुणेमंडळी घेऊन."

"अरे, हर्षालीची तपासणी आहे ना?"

"होती. शेठनी बुधवारीच सांगितलं, फेरी रद्द, दुसरं भाडं घे."

"बुधवारी?" बळवंतरावांनी पुन्हा विचारलं. "नक्की? शुक्रवारी नाही, म्हणजे आज सकाळी?"

"आज सकाळी कसं? बुधवारी दुपारी साखरपुडेवाल्यांकडून भाड्याची सुपारीही घेतली. का, काय झालं?"

"फाईल चोरीला गेली. आज सकाळी कळलं."

चंदूने पाण्याचा डबा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं खरं आश्चर्य बळवंतरावांना दिसलं. चोरी व्हायच्या दोन दिवस आधीच शेठला कळलं होतं, की मंगळवारी जायचं नाही.

"एक सांग. हॉस्पिटलात डॉक्टरांशी बोलायला आत कोण जातं?"

"ऋत्विकदादा. पुंजा आणि बुधी बाहेर बाकड्यावर. दादा सांगतो, आत एकालाच सोडतात. गंमत म्हणजे बाकीच्या मुलांचे आईबाप जातात आत. हर्षालीच्याच वेळी तसा नियम." चंदू हसला, मग हसायचा थांबला. "काका, मी नुसता ड्रायव्हर. माझं नाव घेऊ नका."

पायरीवर पुंजा अजून बसलाच होता. बळवंतराव त्याच्याजवळ गेले. चोर निवडून चौथीच फाईल उचलतो. पेटीला हात लावत नाही, बाकीच्या अकरा फायली विसकटत नाही. आकडा माहीत असल्याशिवाय हे जमणार नाही, आणि पुंजाला तो माहीत नव्हता. मग उरले तिघे. चौथे आपण. पण स्वतःच्या हाताने उभं केलेलं काम हे लोक कशाला बुडवतील? इतक्या भल्या कुटुंबावर संशय घेणारे आपण कोण? वाचून वाचून डोकं नासलंय आपलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तरी ते म्हणाले,

"पुंजा, उद्या तुझ्या घरी येतो. चालेल?"

४

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने ते मोखाड्याहून पुढे सूर्यमाळला गेले आणि तिथून पाऊण तास पायी. मार्च संपत आला होता. पाड्याच्या तोंडाशी बायका हंडे ओळीने लावून टँकरची वाट बघत होत्या. मोहाची फुलं पडून वाटेवर सगळीकडे गोडसर वास सुटला होता.

हर्षाली घरात, त्या कुडाच्या झापात, नव्हती. ती मागच्या करवंदीच्या जाळीत होती, ढोपराला ओरखडे, तोंडात काहीतरी. म्हाताऱ्याला बघून ती टुणकन बाहेर आली आणि दाराशी घातलेल्या बाजेवर जाऊन आडवी झाली. डोक्याला फडकं गुंडाळलं. आजारी माणसाने कसं दिसायचं, हे त्या आठ वर्षांच्या पोरीला पाठ होतं.

बळवंतराव बाजेच्या कडेवर बसले. तिनेच उशाखालून घडी पडलेला कागद काढला. निधीचं पत्रक.

"तुमी लिव्हला ना? दादा सांगं. मला वाचता येतं." तिने बोट ठेवून वाचलं, "'को-मे-जणाऱ्या.' कोमेजना म्हंजे काय?"

त्यांनी चष्मा पुसला.

"मरना ना?" ती म्हणाली. विचारलं नव्हतं, फक्त बरोबर आहे का एवढं तपासत होती.

जन्मभर बळवंतरावांना छान वाक्यांचा लोभ होता.

तिच्या कानामागे हळद लावलेली बारीक चीर होती. उन्हाने चेहरा तांब्यासारखा झालेला, आणि फडक्याखालचं डोकं मात्र पांढुरकं, जणू दुसऱ्या कुणाचं. "हे कशाने झालं?"

"वस्तरा लागला. दादा पयला मशिन फिरवतं, मंग वस्तरा. गुळगुळीत व्हाया लागं ना, फोटोला."

हंडा डोक्यावर घेऊन हर्षालीची आई बुधी आली, मागोमाग पुंजा; वस्तऱ्याचं बोलणं तिने ऐकलं होतं. पाहुणे कोण ते पुंजाने सांगितल्यावर तिने हंडा उतरवला, पदराने हात पुसले. "डाक्टर सांगतं केस ठेवायचे नाय," ती म्हणाली. "केस आले का रोग वर चढतो म्हन. म्हनून दादा काढतं. चार येळा काढलं."

"चार वेळा? लक्षात आहे?"

"लक्षात कशाला? ठेवलेत ना."

ती झापात गेली. बायका विंचरताना गळालेला गुंता फेकत नाहीत, कुडाच्या फटीत खोचून ठेवतात. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर फुगेवाला येतो आणि तो केसांच्या बदल्यात पोरांना फुगे, बायकांना वाट्या देतो. पण बुधीने हर्षालीचे केस त्याला दिले नव्हते. आजाऱ्याचे केस दुसऱ्याच्या घरी जाऊ नयेत म्हणून मेढेकरांच्या ओसरीवरून प्रत्येक वेळी गोळा करून आणले होते. तिने कुडातून पाच पुरचुंड्या काढल्या आणि बाजेवर ओळीने ठेवल्या.

पहिलीत लांब, विरळ, गुंतलेले केस होते. "हे पयले. औषध चढवला तवा हाताशी यायचे, मुळासकट."

बाकीच्या चार बळवंतरावांनी एकेक करून उघडल्या. त्यांतले केस आखूड होते. दाट, काळेभोर, तजेलदार. एका लांबीचे. त्यांनी स्वतःचं बोट शेजारी धरलं. प्रत्येक पुरचुंडीत तीच लांबी, दीड पेर. कधी काढले तेही बुधीने न अडखळता सांगितलं: भाताच्या आवणीच्या आधी, गणपतीत, थंडीत, आणि परवाच्या रविवारी. दर तीन महिन्यांनी. तीन महिन्यांत दीड पेर केस वाढतात. म्हणजे गेलं वर्षभर हे केस एकदाही गळले नव्हते. रोगाने नाही, औषधाने नाही. ते फक्त कापले होते.

"मास्तर," पुंजाने विचारलं, "काय दिसला?"

बळवंतरावांना उत्तर माहीत होतं, असं त्यांना वाटत होतं. पण त्यांना चुकायची सवय होती. पोरगी बरी आहे असं सांगायचं आणि ती बरी नसली तर? तो कागद बघितल्याशिवाय या माणसाला ते काही सांगू शकत नव्हते.

"उद्या चार वाजता हॉलवर या," ते म्हणाले. "मी आधी फाईल शोधतो."

"कुठं शोधाल?"

ते परतीच्या एस.टी.त मोखाड्यापर्यंत हेच स्वतःला विचारत राहिले. वाचनालयात सदतीस वर्षांत हरवलेली पुस्तकं त्यांनी खूप शोधली होती. बाहेर गेलेली थोडी. बहुतेक दुसऱ्याच फळीवर, त्याच आकाराच्या पुस्तकांत सापडायची. मोखाड्याचा थांबा आला आणि ते एकदम ताठ बसले.

५

रविवारी अकरा वाजता मेढेकरांच्या घरी गडबड होती. हार, समया, इस्त्रीचे कपडे. बळवंतराव दिवाणखान्यात उभेच राहिले. बसले तर बोलता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"पत्र आणलंत?" प्रसादने विचारलं.

"फाईल चोरीला गेलेली नाही," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला. "तुम्ही बुधवारीच मंगळवारची गाडी रद्द केलीत. ठाण्याच्या बाईंनी कागद मागितले, म्हणून फाईल लपवायचं तेव्हाच ठरलं होतं. त्या कागदांत असं काहीतरी आहे, जे त्यांनी वाचायला नको. पुंजाला आकडा ठाऊक नव्हता. ऋत्विक, तू तिचे केस काढतोस."

"हायजीन असतं ते काका," ऋत्विक म्हणाला. "तुम्हाला मेडिकलमधलं..."

"नाही कळत. म्हणून फाईल बघायचीय. जाळायला हवी होती तुम्ही, पण या घरात हॉस्पिटलचा कागद जाळला जात नाही. ती समृद्धीच्या कपाटात आहे. समृद्धीच्या फायलींमध्ये."

प्रसाद उसळला. "माझ्या मेलेल्या पोरीच्या कपाटाला हात लावाल तर..."

"त्यांना नको," अवंती म्हणाली. "मी काढते."

ती आत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. बाहेर येऊन तिने फाईल टेबलावर ठेवली, हाराच्या पुड्याशेजारी. बळवंतरावांनी शेवटून तिसरा कागद काढला. इंग्रजीत चारच ओळी होत्या. उपचार पूर्ण. आजाराची कोणतीही खूण नाही. शाळा, खेळ, नेहमीचा आहार, सगळ्याला परवानगी. दर तीन महिन्यांनी तपासणीला आणावे. तारीख गेल्या वर्षीची, अकरा फेब्रुवारी. पुढच्या दोन कागदांवर त्यानंतरच्या तपासण्यांचे शेरे. सगळं ठीक, सगळं ठीक.

"तेरा महिने," ते म्हणाले. "आणि तिच्या आईबापांना?"

"एक पैसा खाल्ला नाही आम्ही!" प्रसाद ओरडला. "हिशेब बघा. अकरा मुलं आहेत. मोखाड्याच्या मधूचं औषध चालू आहे, माघ्याच्या नातवाचं ऑपरेशन व्हायचंय. कुठून आणू? तुम्ही आणाल? तुमच्या पेन्शनीतून?"

"हर्षाली बरी झाली, असं सांगता आलं असतं. लोकांना आनंदच..."

"आनंद होतो," अवंती म्हणाली. ती शांत होती. "टाळ्या वाजवतात. देत नाहीत. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मोबाईलवर सांगून बघितलं आम्ही, केस आलेला फोटो टाकला. अडीच हजार जमले. पुढच्या महिन्यात जुना टकलाचा फोटो टाकला, तीन लाख. केस असलेल्या पोरीला कोणी देत नाही, काका. आणि बाकीची अकरा मुलं कॅमेऱ्यापुढे रडतात. ही हसते. टक्कल करून हसणारं मूल मिळत नाही."

"मंगळवारची तपासणीसुद्धा तुम्ही बुडवलीत."

"एका महिन्याने काही बिघडत नाही," ऋत्विक म्हणाला.

बळवंतरावांनी खोलीभर पाहिलं. चहाची बशी, हारातली शेवंती, भिंतीवर समृद्धीचा फोटो, सगळ्याची एकच दाट शिसारी. मेढेकरांनी पैसे खाल्ले असते तर एवढी शिसारी आली नसती. मग ते चोर असते, आणि चोर म्हणजे काय हे बळवंतरावांना समजत होतं. ही माणसं चोर नव्हती. रात्र रात्र हॉस्पिटलच्या फरशीवर झोपलेली, दुसऱ्यांच्या मुलांसाठी रक्त दिलेली. आणि त्यांनी एका धडधाकट पोरीला तेरा महिने मरायला बसवलं होतं. त्यासाठी लागणारी वाक्यं आपण पुरवली होती. त्यांनी फाईल काखेत घेतली.

"कुणाला सांगणार तुम्ही?" प्रसाद दार अडवून म्हणाला. त्याचा आवाज आता चढा नव्हता, त्यात कीव होती. "आभाराचं भाषण चिठ्ठीवर लिहून आणता, आणि तीही हातात थरथरते. पाचशे लोक असतील. तुमच्याच्याने होणार आहे का? फाईल ठेवा काका. पत्रही नको. फक्त गप्प बसा. ते जमतं तुम्हाला."

ते खरं होतं. बळवंतरावांनी मान खाली घातली आणि त्याच्या काखेखालून वाकून बाहेर पडले.

६

हॉल साडेतीनलाच भरला. स्टेजमागच्या खोलीत पुंजा, बुधी आणि हर्षाली बसली होती. पोरीच्या अंगात गुलाबी झगा, डोकं तेल लावून चकचकीत केलेलं. बाहेर स्पीकरवर ऋत्विक ते पत्रक वाचून दाखवत होता, संथ आवाजात, मागे बासरी. कोमेजणाऱ्या या शब्दावर तो थांबला आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला.

बळवंतरावांनी दार लोटून घेतलं. पाचशे लोकांसमोर त्यांच्याच्याने होणार नव्हतं. पण खोलीत तिघंच होती.

"पुंजा," ते म्हणाले, "हर्षाली बरी आहे. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून. डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे बघ. तिला काही झालेलं नाही. दर तीन महिन्यांनी नुसती तपासणी करायची. मंगळवारची चुकवायची नाही, आपण एस.टी.ने जाऊ, मी येतो. आत डॉक्टरांशी तू स्वतः बोल. शाळेतही परत घालायची आहे तिला."

कागद पुंजाने दोन्ही हातांनी धरला, उलटा.

"फेब्रुवारी म्हंजे होळीच्या आंदी," तो म्हणाला. "गेले सालची होळी."

"हो."

"मी हिची जागा बघून ठेवली," पुंजा म्हणाला. "पुरायची. नदीवर, उंबराखाली. तीनदा बघून आलो. हिचे आयशीला नाय सांगला."

बुधीने वळून पुंजाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "वरीसभर हिला मी एक बोट लावला नाय. रागाचा शबूद नाय. भाकरीचा पापुदरा हिला, गूळ हिला. हिचा भाऊ रडं, त्याला मारला मी. ही जायाची म्हनून." तिने हर्षालीकडे पाहिलं. नजर अशी, जणू पोर आत्ताच कुठून तरी परत आली होती आणि ओळख पटायची होती.

"मंग मी नाय मरनार?" हर्षालीने विचारलं.

"म्हातारी झाल्यावर," बळवंतराव म्हणाले. ते वाक्य छान नव्हतं. त्यांना ते पुरेसं वाटलं.

मागचं दार बाहेरून बंद होतं. पुढून, हॉलमधूनच जावं लागणार होतं. बुधीने पोरीचं मनगट धरलं आणि ती चालू लागली. मागे पुंजा, त्यामागे बळवंतराव, काखेत फाईल.

त्यांना बघताच लोक उभे राहिले. कुणी हात जोडले, कुणी फोन वर केले. "किती गोड," "बिचारी," "बघ ना कशी हसतेय." सगळीकडे ओलावलेले डोळे, मायेने एका बाजूला कललेल्या माना. बळवंतरावांना वाटलं, आपण एखाद्या गोड, चिकट पदार्थातून चालतोय आणि तो नाकातोंडात जातोय. पहिल्या रांगेतून ठाण्याच्या बाई पुढे आल्या. रेशमी साडी, पाणावलेले डोळे. हर्षालीसमोर वाकून त्यांनी मोठ्या चॉकलेटचा डबा पुढे केला.

"घे बाळा. सगळा तुझाच."

हर्षालीने दोन्ही हात पुढे केले. तिच्या चेहऱ्यावर सरावाचं हसू उमटलं, डोकं किंचित कॅमेऱ्याकडे वळलं.

बुधीने तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

बासरी कुणीतरी बंद केली.

"अहो!" बाई किंचाळल्या. "आजारी मुलीला मारता?"

"आजारी नाय ती," बुधी म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही. "धड हाय."

बाईंनी गोंधळून आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या सगळ्यात जवळ बळवंतराव होते. त्यांनी चार नंबरची फाईल उघडली, शेवटून तिसरा कागद वर आणला आणि चॉकलेटच्या डब्यावर ठेवला. बाई वाचू लागल्या. स्टेजवर प्रसादने माईक हातात घेतला होता, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. अवंती खाली बघत होती. मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले.

हर्षालीने लाल झालेल्या हाताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. नाक वाहतंय, तोंड वाकडं झालंय, पाय आपटतेय. त्या चेहऱ्याचा फोटो कुणीच काढला नाही.

बुधीने तिला गप्प केलं नाही. मनगट धरून ती तिला तशीच, रडत, दारातून बाहेर घेऊन गेली.